परदेशवारीहून परतताना ड्रोन कस्टममध्ये अडकतो, त्यावर उपाय

पवनी तालुक्यात माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. काही वर्षांपासून आमच्या भागातल्या धम्मयात्रांसोबतही कॅमेरा घेऊन जातो. वैनगंगेकाठच्या गावांतले लोक बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत लुंबिनीला जातात. ज्यांना जमतं ते थायलंड, श्रीलंकाही करून येतात. कोणी धानाचे पैसे आले की बाजूला काढून ठेवतो, कोणी भिशी लावतो, आणि आयुष्यात एकदा ही यात्रा घडते. त्यांची इच्छा असते की आपल्या यात्रेचा व्हिडिओ असावा आणि त्यात वरून घेतलेलं एखादं दृश्य असावं. म्हणून ड्रोन सोबत न्यावा लागतो, आणि त्यापायी पुन्हा पुन्हा एकच त्रास होतो.

जाताना आपल्याला कोणी काही विचारत नाही. परत आल्यावर आपल्याच देशाच्या विमानतळावर बॅग एक्स-रेमधून जाते, बॅगेवर खडूची फुली पडते आणि साहेब विचारतात, "हा ड्रोन कुठून आणला?" आपण म्हणतो, "आणला नाही जी, इथूनच नेला होता." साहेब म्हणतात, "दाखवा कागद." आणि तिथे आपली बोलती बंद होते.

माझं असं झालं. थायलंडहून परतलो तेव्हा सोबत यात्रेतली बहुतेक म्हातारी माणसं, बाहेर गाडी उभी, आणि मला एका बाजूला बसवलेलं. बिल घरी आलमारीत होतं. घरी फोन करून बिलाचा फोटो मागवला. बिल आलं, पण त्यावरचा सिरीयल नंबर ड्रोनवरच्या नंबराशी जुळेना. मग आठवलं की आदल्या वर्षी एका लग्नात ड्रोन झाडावर आदळला होता आणि दुरुस्तीला दिला तेव्हा दुरुस्ती केंद्राने बदलून दुसराच दिला होता. मॉडेल तेच, रंग तोच, नंबर वेगळा. साहेबांच्या हातात एका ड्रोनचं बिल आणि समोर दुसराच ड्रोन. त्यांच्या जागी मी असतो तरी विश्वास ठेवला नसता. ड्रोन तिथेच ठेवून, जप्तीची पावती घेऊन घरी आलो. दुरुस्ती केंद्राकडून बदलीचं पत्र मिळवलं, दोनदा रात्रीच्या गाडीने जाऊन आलो, तेव्हा कुठे ड्रोन हातात पडला. लग्नसराईचे दिवस होते. तेवढ्या दिवसांचा ड्रोन भाड्याने आणावा लागला.

तेव्हापासून लाखनी, साकोली, ब्रह्मपुरीकडच्या शूटिंगवाल्या पोरांचे फोन येतात. प्रत्येकाची कथा थोडी वेगळी असली तरी अडचण एकच असते. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

मूळ कारण काय

९ फेब्रुवारी २०२२ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, अधिसूचना काढून परदेशातून तयार ड्रोन आणण्यावर बंदी घातली. पूर्ण जोडलेला ड्रोन आणता येत नाही, आणि सुट्या भागांच्या संचात आणून इथे जोडतो म्हटलं तरी चालत नाही. सूट आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठी, तीही परवानगी घेऊन. ड्रोनचे सुटे भाग मात्र आणता येतात.

आपल्या लोकांच्या डोक्यात अजून जुना हिशेब आहे. "एवढ्या किमतीपर्यंत सामान माफ असते, वर गेलं तर थोडी ड्युटी भरू," असं समजून माणूस निघतो. मोबाईलसारख्या वस्तूंना तो हिशेब लागू आहे. ड्रोनचा मामला वेगळा आहे, कारण इथे प्रश्न आयातीच्या बंदीचा येतो. परतताना सोबत असलेला ड्रोन इथूनच नेलेला होता हे सिद्ध झालं नाही, तर कस्टमच्या नजरेत तो परदेशात घेतलेला नवा ड्रोन ठरतो. भारतात येणाऱ्या प्रवाशाच्या कस्टम घोषणापत्रात ड्रोनचा उल्लेखही वेगळा केलेला आहे. त्यामुळे "मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही.

म्हणजे त्रास परतताना होतो, पण त्यावर उपाय जातानाच करावा लागतो. माझ्याकडून पहिल्या तीन वाऱ्यांत हेच सुटलं. दोनदा कोणी विचारलं नाही म्हणून मला वाटलं, सगळं बरोबर चाललं आहे.

उपाय: जाताना एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या

भारतातून बाहेर जाताना विमानतळावरच्या कस्टम कार्यालयात किमती वस्तू दाखवून तिचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. वस्तूचं नाव, मॉडेल, सिरीयल नंबर, किंमत, तुमचं नाव आणि पासपोर्ट नंबर लिहून, वस्तू प्रत्यक्ष पाहून अधिकारी सही-शिक्का देतो. परतताना हा कागद दाखवला की वस्तू इथूनच गेली होती हे ठरतं. दागिने, महागडे कॅमेरे नेणारे लोक हे वर्षानुवर्षे करत आले आहेत. आपल्याला गावाकडे कोणी सांगत नाही एवढंच.

आता यात कुठे कुठे चुकतं ते सांगतो, कारण कागदाचं नाव माहीत असूनही लोक अडकले आहेत.

सगळ्यात मोठी चूक आहे वेळेची. अधिकाऱ्याला वस्तू डोळ्यांनी पाहायची असते. ड्रोन चेक-इनच्या बॅगेत टाकला, बॅग पट्ट्यावरून गेली आणि मग तुम्ही कस्टमच्या खिडकीवर गेलात, तर दाखवणार काय? म्हणून विमानतळात शिरल्याबरोबर, बॅग देण्याआधी, कस्टमचा काउंटर विचारून घ्या. काउंटरवर माणूस नसेल तर थांबावं लागतं, शोधावं लागतं. मी आता इतरांपेक्षा तासभर आधी पोहोचतो आणि यात्रेच्या संयोजकालाही तसं आधीच सांगून ठेवतो.

दुसरी चूक नागपूरवाल्यांची. नागपूरहून थेट परदेशी विमानाने जाणार असाल तर कस्टम नागपुरातच होतं आणि काम सोपं असतं. पण नागपूर ते मुंबई देशांतर्गत विमान आणि पुढे मुंबईहून बँकॉक असा प्रवास असेल तर कस्टम मुंबईला लागतं. नागपुरात बॅग थेट बँकॉकपर्यंत दिली तर मुंबईत ती तुमच्या हाती येतच नाही. अशा वेळी ड्रोन केबिनच्या बॅगेत ठेवावा, किंवा नागपुरात सांगून बॅग मुंबईपर्यंतच टाकावी आणि तिथे पुन्हा चेक-इन करावी. काही विमान कंपन्या ड्रोन केबिनमध्ये घेऊच देत नाहीत, तेव्हा दुसरा मार्गच उरतो. तिकीट काढण्याआधी कंपनीचा नियम वाचा. दोन्ही विमानांमध्ये निदान चार तास सोडा.

तिसरी चूक नंबरांची. ड्रोनच्या अंगावरचा, रिमोटवरचा आणि खोक्यावरचा असे नंबर असतात. ड्रोनचा नंबर बहुतेक मॉडेलांत बॅटरीच्या खाचेत किंवा पोटाखाली बारीक अक्षरांत असतो. रिमोटचा वेगळा असतो. सर्टिफिकेटवर ड्रोनच्या अंगावरचाच नंबर लिहिला आहे ना, हे काउंटर सोडण्याआधी अक्षर अक्षर जुळवून पाहा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांत गफलत होते. रिमोट आणि बॅटऱ्यांची संख्याही लिहून घ्या. माझ्यासारखा कोणाचा ड्रोन दुरुस्तीत बदलून आला असेल, तर बदलीचं पत्र बिलाला जोडून ठेवा.

बिलाचं काय? इथे आपल्या धंद्यातली एक दुखरी गोष्ट आहे. खेड्यापाड्यात बरेच ड्रोन हातोहात विकले जातात. लग्नसराई संपली की एक जण विकतो, दुसरा घेतो, पैसे रोख, कागद काही नाही. असा ड्रोन परदेशात नेऊ नका. अधिकाऱ्याने "हा तुमचा कशावरून?" विचारलं तर सांगायला काही नसतं. ड्रोनची नोंदणी करून युनिक आयडेंटिफिकेशन नंबर घेतलेला असेल तर तो कागद मोठा आधार आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार नोंदणीचं शुल्क फक्त १०० रुपये आहे. जुना ड्रोन घेताना विकणाऱ्याकडून त्याच्या मूळ बिलासह लेखी विक्रीपत्र घ्या, त्यात नंबर लिहा. ओळखीतून खोटं बिल बनवून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. ड्रोन गेला तर पैशांचं नुकसान होतं. खोटा कागद पकडला गेला तर तो गुन्हा होतो.

तिकडच्या देशाचं कस्टम

अर्धी लढाई तिकडे असते. यात एक गैरसमज फार आहे: "माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आत आहे, मला काही लागत नाही." २५० ग्रॅमची रेषा अनेक देशांच्या उड्डाणाच्या नियमांत आहे, आपल्याकडेही नॅनो, म्हणजे सगळ्यात हलक्या ड्रोनचा, वर्ग तिथपर्यंतच आहे. पण वस्तू देशात आणायची की नाही हे त्या देशाचं कस्टम ठरवतं आणि तिथे वजन कामी येईलच असं नाही. जपानमध्ये तर जून २०२२ पासून १०० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनलाही नोंदणी लागते.

थायलंडमध्ये कॅमेरा असलेल्या ड्रोनसाठी दोन ठिकाणी नोंदणी लागते: एक उड्डयन प्राधिकरणाकडे आणि एक दूरसंचार आयोगाकडे, कारण ड्रोन हे रेडिओवर चालणारं यंत्र आहे. शिवाय १० लाख बाहतचा विमा. पर्यटकांनाही हे लागू आहे. नोंदणीला वेळ लागतो, निघण्याच्या आदल्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही. शिवाय परिस्थिती कधी बदलेल सांगता येत नाही. जुलै २०२५ च्या अखेरीस कंबोडियाच्या सीमेवर लढाई पेटली तेव्हा थायलंडने देशभर ड्रोन उडवण्यावर तात्पुरती बंदी घातली. ज्यांची सगळी कागदपत्रं तयार होती त्यांनाही ड्रोन बॅगेतच ठेवावा लागला. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी त्या देशाच्या उड्डयन प्राधिकरणाची सूचना पुन्हा एकदा पाहा.

श्रीलंका याहून कडक आहे. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर तिथे ड्रोन उडवण्यावर बंदी आली होती. आजही तिथे आधी परवानगी हवी, त्यात संरक्षण मंत्रालयही येतं. परवानगीशिवाय उतरलात तर ड्रोन कस्टमकडे राहू शकतो. अनुराधापूरला आपल्या लोकांचे डोळे भरून येतात. तो बोधिवृक्ष बोधगयेच्या फांदीपासून वाढला अशी श्रद्धा आहे. तिथे वरून चित्रण व्हावं असं मलाही फार वाटतं. पण परवानगी नाही तर ड्रोन नाही, हे मी ठरवून टाकलं आहे.

लुंबिनीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आपल्याकडचे सर्वाधिक लोक तिथेच जातात, आणि जातात ते बसने. गोरखपूरहून सोनौलीला आलं की कमान ओलांडायची आणि आपण नेपाळात. भारतीयांना पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. त्यामुळे ही आंतरराष्ट्रीय सीमा आहे हेच विसरायला होतं. पण पलीकडे भन्सार आहे. भन्सार म्हणजे नेपाळचं कस्टम. गाडीचा भन्सार ड्रायव्हर करतो, त्यात तुमचा ड्रोन येत नाही. नेपाळमध्ये ड्रोनला नागरी उड्डयन प्राधिकरणाचे नियम लागू आहेत, आणि लुंबिनी तर १९९७ पासून जागतिक वारसास्थळ. मायादेवी मंदिराच्या, अशोकस्तंभाच्या आवारात विनापरवानगी ड्रोन चढवणं म्हणजे सगळ्या बसला अडकवून ठेवणं. येतानाही प्रश्न सुटत नाही. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाची तपासणी आहे, कस्टमही आहे, आणि बंदीची अधिसूचना जमिनीवरच्या सीमेलाही तितकीच लागू आहे. न्यायचाच असेल तर जाताना बस थांबवून भारतीय कस्टमच्या चौकीत ड्रोनची नोंद करून मागा. ड्रायव्हर घाई करेल, बसमधले चार जण कुरकुरतील. तरी उतरा.

आखातातून पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं. अमिरातीने अबू धाबीवरच्या हल्ल्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये हौशी ड्रोन उड्डाणं बंद केली होती. पुढे नोंदणीच्या अटीवर टप्प्याटप्प्याने ढील दिली. एकाच तिकिटावर विमान बदलून पुढे जात असाल आणि बॅग थेट पुढे जात असेल तर तिथल्या कस्टमशी सहसा गाठ पडत नाही. पण दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं काढली असतील तर मध्ये बॅग घेऊन देशात शिरावं लागतं, आणि मग तिथले नियम तुम्हाला लागू होतात. मोरोक्को आणि इजिप्त या देशांत तर परवानगीशिवाय ड्रोन नेऊच नका, विमानतळावरच काढून घेतला जातो.

बॅटरीमुळे होणारा खोळंबा

हा प्रकार कस्टमच्या आधीचा, सुरक्षा तपासणीतला आहे. पण त्यामुळेही ड्रोन निरुपयोगी होऊन बसतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी साधारणपणे चालते, १०० ते १६० ची विमान कंपनीच्या मंजुरीने जास्तीत जास्त दोन, आणि १६० च्या वरची प्रवासी विमानात नाहीच. बॅटरीवर वॅट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. ७.७ व्होल्टची २२५० मिलिअँपिअर-तासांची लहान बॅटरी १७ वॅट-तासांच्या आसपास बसते, काही अडचण नाही. फवारणीच्या ड्रोनची २२.२ व्होल्टची १६,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी मात्र ३५५ वॅट-तासांची होते. शेतीच्या प्रदर्शनासाठी फवारणी ड्रोन विमानाने सोबत नेता येईल का, असं एका बचत गटाच्या ताईंनी विचारलं होतं. त्याचं उत्तर या आकड्यातच आहे.

प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, वेगळ्या पिशवीत ठेवा, छापील आकडा दिसू द्या. घासून पुसट झालेला आकडा असेल तर ती बॅटरी घरीच ठेवा. फुगलेली तर कधीच नेऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्या बॅटऱ्या, आपला रिमोट यात्रेतल्या दुसऱ्या कोणाच्या बॅगेत टाकू नका. मी एकदा टाकल्या होत्या. माझी बॅग जड झाली म्हणून एका मावशींच्या पिशवीत दोन बॅटऱ्या ठेवल्या. मावशी सत्तरीच्या, पहिल्यांदा विमानात बसत होत्या. तपासणीत त्यांना बाजूला घेतलं. "हे काय आहे?" विचारलं तर त्यांना सांगता येईना. त्या घाबरून रडायला लागल्या. मी मागच्या रांगेत होतो, धावत गेलो, खुलासा केला, त्यांना सोडलं. यात्रेभर त्या पिशवी छातीशी धरून चालत होत्या. त्यांना मी दिलेला तो त्रास मी विसरू शकत नाही.

तरीही अडकलातच तर

खरं सांगा. लाल मार्गाने, म्हणजे ज्यांना काही घोषित करायचं आहे त्यांच्या वाटेने, जा आणि स्वतःहून ड्रोन दाखवा. हिरव्या मार्गाने, म्हणजे घोषित करण्यासारखं काही नाही असं म्हणत, जाऊन पकडले गेलात तर लपवल्याचा ठपका बसतो आणि दंडाचं प्रकरण होतं. कस्टम कायदा १९६२ च्या कलम ७७ प्रमाणे सामानाची घोषणा करणं ही प्रवाशाचीच जबाबदारी आहे. ज्याने खरी घोषणा केली त्याला कलम ८० ची सोय मिळते: ड्युटी लागणारी किंवा आणायला मनाई असलेली वस्तू कस्टमने ठेवून घ्यावी आणि प्रवासी भारताबाहेर जाताना परत द्यावी, अशी विनंती करता येते. ही सोय परदेशी राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना जास्त उपयोगाची. मुलगा दुबईहून सुट्टीत येताना ड्रोन घेऊन आला, तर निदान परत जाताना तो त्याच्या हाती पडू शकतो.

ड्रोन ठेवून घेतला तर पावती घेतल्याशिवाय हलू नका. पावतीवर सिरीयल नंबर, तारीख आणि कारण लिहिलेलं पाहा, जागेवरच तिचा फोटो काढा. सोडवण्यासाठी अर्ज करताना मूळ बिल, नोंदणीचा कागद, पासपोर्टचा शिक्का आणि जाण्याआधी भारतात त्याच ड्रोनने काढलेले जुने व्हिडिओ जोडा. व्हिडिओच्या फाईलमध्ये तारीख असते. माझ्या वेळी एका लग्नाचं चित्रण दाखवल्यावर अधिकाऱ्याचा सूर नरमला होता. कागद मात्र बदलीच्या पत्रानेच पूर्ण झाला.

"तिकडे अर्ध्या किमतीत मिळतो, मामा तुमच्यासाठी घेऊन येऊ का?" असा आखातातल्या भाच्याचा फोन प्रत्येक शूटिंगवाल्याला येतो. त्याला नाही म्हणा. प्रोपेलर, फिल्टर, गार्ड असे सुटे भाग आणायला सांगा.

माझी लुंबिनीची पुढची बस माघ पौर्णिमेनंतर निघते आहे. परवानगीचं काम या वेळी जमलं नाही, म्हणून ड्रोन घरी आलमारीत राहील, बिल आणि बदलीच्या पत्रासोबत. लांब काठीवर कॅमेरा बांधून बघितला, पंधरा फुटांपर्यंत वर जातो. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर काल संध्याकाळी चाचणी घेतली, चित्र हलत नाही. मायादेवी मंदिराच्या आवारात काठी चालेल का, हे तिथल्या कार्यालयात विचारूनच ती बाहेर काढणार आहे.